जमीन हलते तेव्हा अणुभट्टीत काय घडतं

भूकंपाची बातमी आली आणि त्या भागात अणुवीज प्रकल्प असला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: काँक्रीटचा तो प्रचंड घुमट, त्याला उभी गेलेली भेग, आणि भेगेतून बाहेर पडणारं काहीतरी भयंकर. भीती समजण्यासारखी आहे, पण आपण बघतोय भलतीकडे. नुसत्या हादऱ्याने अणुवीज प्रकल्पाचा घुमट फुटला, असं आजवर कुठेही घडलेलं नाही. भूकंपात दगा देतात त्या गोष्टी घुमटापासून लांब असतात आणि दिसायला अगदी मामुली असतात. विजेचा मनोरा, तळघरातला स्विचबोर्ड, समुद्राच्या कडेला उभा असलेला पंप. असं का, हे कळायला अणुभट्टीची एक खोड आधी समजून घ्यावी लागते: ती बंद करता येते, पण विझवता येत नाही.

युरेनियमचा अणू फुटतो, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे अणू फोडतात. ही साखळी चालू असते तेव्हा उष्णता निर्माण होते, पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. न्यूट्रॉन गिळणाऱ्या नियंत्रक कांड्या गाभ्यात शिरल्या की साखळी तुटते. हे काम काही सेकंदांचं. अनेक भट्ट्यांत या कांड्या विद्युतचुंबकांनी वर धरून ठेवलेल्या असतात. वीज गेली की चुंबकाची पकड सुटते आणि कांड्या आपल्याच वजनाने खाली पडतात. म्हणजे इथे वीज जाणं पथ्यावरच पडतं. फुकुशिमाला होत्या तशा उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत कांड्या साठवलेल्या दाबाच्या जोरावर खालून वर घुसतात. जड पाण्याच्या भट्ट्यांत तर दुसरी, पूर्णपणे वेगळी सोयही असते: कांड्या अडकल्याच तर न्यूट्रॉन शोषणारं द्रावण आत सोडायचं. एकूण काय, साखळी तोडण्याचा भाग माणसाने चांगला पक्का करून ठेवलाय. मोठमोठ्या भूकंपांत हा टप्पा व्यवस्थित पार पडलाय.

पण इंधनात तोवर फुटलेल्या अणूंचे तुकडे साचलेले असतात. ते स्वतःच किरणोत्सारी असतात, आणि स्थिर होता होता उष्णता टाकत राहतात. नियंत्रक कांड्यांशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आकड्यांत बघू. १००० मेगावॉट वीज देणारी भट्टी साधारण ३००० मेगावॉट उष्णता तयार करते. साखळी तुटली त्या क्षणी यातली सहा-सात टक्के, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास उष्णता शिल्लक असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या जवळ येते. दुसऱ्या दिवशी अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो १५ मेगावॉट भरतो, आणि तेवढी उष्णता दर तासाला सुमारे २० टन पाण्याची वाफ करते. ही गोष्ट एका तासाची नाही. दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे पाणी पुरवत राहावं लागतं किंवा तेच पाणी थंड करून फिरवत राहावं लागतं.

न पुरवलं तर? गाभ्यातल्या पाण्याची पातळी उतरते, इंधनाच्या कांड्या उघड्या पडतात. त्यांच्या झिर्कोनियमच्या आवरणाचं तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं, की ते वाफेशी झपाट्याने संयोग पावतं. त्यातून आणखी उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू सुटतो. पुढे इंधनच वितळतं. भूकंपाने यातलं काहीही थेट होत नाही. भूकंप फक्त पाणी फिरवणारी व्यवस्था बंद पाडू शकतो, आणि तेवढं पुरतं.

आता हादऱ्याकडे येऊ. ‘हा प्रकल्प ७ रिश्टरचा भूकंप सोसू शकतो’ असं वाक्य कोणी फेकलं, तर त्याला अर्थ फारसा नसतो. रिश्टरचा आकडा, शास्त्रज्ञांच्या भाषेत मॅग्निट्यूड, हा जमिनीच्या पोटात एकूण किती ऊर्जा सुटली हे सांगतो. प्रकल्पाच्या पायाला काय जाणवलं, हा निराळा हिशेब आहे. आकाशात वीज किती मोठी कडाडली हे एक, आणि तुमच्या खिडकीची काच किती थरथरली हे दुसरं. पायाखाली १० किलोमीटरवर झालेला ६ चा भूकंप ३०० किलोमीटरवरच्या ८ च्या भूकंपापेक्षा जास्त झोंबू शकतो.

म्हणून अभियंते त्वरणात बोलतात, आणि गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाशी, म्हणजे ‘जी’शी त्याची तुलना करतात. ०.२ जी म्हणजे तुमच्या वजनाच्या एक पंचमांश इतकं बल तुम्हाला आडवं ढकलतंय, आणि सेकंदात अनेकदा दिशा बदलतंय. प्रकल्पाची जागा ठरवताना आसपासचे भ्रंश (जमिनीतल्या ज्या भेगांवर खडक सरकतात त्या), जुन्या भूकंपांच्या नोंदी, जमिनीचे थर हे सगळं तपासून त्या ठिकाणी अपेक्षित असलेलं जास्तीत जास्त त्वरण काढतात. साधारणपणे दहा हजार वर्षांत एकदा येईल असा हादरा पायाभूत धरला जातो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा सल्ला असाही आहे, की जागा कितीही शांत असली तरी ०.१ जीपेक्षा कमी धरू नका.

दहा हजार वर्षं म्हटल्यावर एक शंका यायला हवी. भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या. भूकंपांच्या लेखी नोंदी बहुतेक ठिकाणी फार तर एक-दोन हजार वर्षांच्या. उरलेलं सगळं दगडमातीच्या थरांवरून ओळखायचं असतं. या शंकेपाशी आपण पुन्हा येणार आहोत.

इमारत मजबूत करणं तसं सोपं. बुटकी, जाड भिंतींची, शक्यतो कातळावर एकाच सलग पायावर बसवलेली वास्तू भूकंपात फारशी डुलत नाही. खरी डोकेदुखी आत असते. इमारतीचा वरचा मजला जमिनीपेक्षा जास्त हलतो, त्यामुळे तिथल्या पंपाला, टाकीला, पॅनेलला जमिनीवरचा नव्हे तर त्या मजल्याचा हादरा सोसावा लागतो. आणि पाइप! प्रकल्पात मैलोगणती पाइप असतात. ते घट्ट जखडून टाकले की प्रश्न सुटला असं वाटेल. पण भट्टी सुरू होताना ते तापतात आणि लांबतात, जखडले तर वाकतील, तडकतील. मोकळे सोडले तर भूकंपात झोडपले जातील. यावर उत्तर म्हणून ‘स्नबर’ नावाची वस्तू वापरतात. गाडीचा सीटबेल्ट आठवा. हळू ओढला तर तो सुटत जातो, झटका दिला तर जागीच अडकतो. स्नबर पाइपशी तसंच वागतो. तापण्याची संथ हालचाल होऊ देतो, भूकंपाचा झटका बसला की घट्ट धरतो. मला या सगळ्या तंत्रज्ञानात सगळ्यात आवडलेली वस्तू हीच.

काही धोके तर कागदावर सुचणारही नाहीत असे. विजेच्या कपाटांतले रिले, म्हणजे यंत्रं चालू-बंद करणारे छोटे विद्युत स्विच, हादऱ्याने क्षणभर उघडझाप करतात, आणि कुणी हुकूम न देता एखादा पंप बंद पडतो किंवा झडप उघडते. दुसरा धोका शेजाऱ्याचा: एखादी बिनमहत्त्वाची शिडी किंवा क्रेन स्वतः मोडली तर बिघडत नाही, पण ती महत्त्वाच्या पाइपवर कोसळली तर? म्हणून तपासणी करणारे लोक प्रत्यक्ष खोल्याखोल्यांतून फिरतात, मान वर करून बघतात आणि ‘हे कशावर पडेल?’ हा एकच प्रश्न विचारत जातात. संगणकावरच्या कोणत्याही गणितापेक्षा ही पायपीट मला महत्त्वाची वाटते.

हादरा जाणवताच भट्टी आपोआप बंद व्हावी का, यावरही जगात एकमत नाही. जपानमध्ये ठरावीक मर्यादा ओलांडली की यंत्रणा स्वतःच भट्टी बंद करते. अमेरिकेत बहुतेक प्रकल्पांत भूकंपाच्या संकेतावर चालणारी अशी व्यवस्था नाही. निर्णय चालक घेतात किंवा दुसऱ्या कारणाने भट्टी ट्रिप होते. गरज नसताना वीज तोडली तर भूकंपाने गांजलेल्या भागातली रुग्णालयंही अंधारात जाऊ शकतात, हाही विचार त्यामागे आहे. २००१ मध्ये भूजच्या भूकंपात गुजरातमधला काकरापार प्रकल्प चालूच राहिला होता.

ठरवलेल्या आकड्यापेक्षा मोठा हादरा बसला तर सगळं कोसळतं का? याची परीक्षा झालेली आहे. १६ जुलै २००७ रोजी जपानच्या काशिवाझाकी-कारिवा या सात भट्ट्यांच्या प्रकल्पाजवळ भूकंप झाला आणि जमीन आराखड्यात धरली होती त्याहून कितीतरी जास्त हलली. चालू असलेल्या भट्ट्या बिनबोभाट बंद झाल्या. बाहेर मात्र एका ट्रान्सफॉर्मरला आग लागली, वापरलेल्या इंधनाच्या तलावातलं पाणी हिंदकळून सांडलं आणि त्यातलं किंचित किरणोत्सारी पाणी समुद्रात गेलं. २३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ५.८ चा भूकंप झाला, तेव्हा नॉर्थ ॲना प्रकल्पातही आराखड्याची मर्यादा ओलांडली गेली. वापरलेलं इंधन ठेवलेली शंभराहून अधिक टनांची पिंपं जागेवरून काही सेंटीमीटर सरकली. तपासणीनंतर भट्ट्या त्याच नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाल्या. प्रत्येक टप्प्यावर अभियंता थोडं जास्तीचं धरतो, आणि ते ‘थोडं थोडं’ साचून बरीच ताकद हाताशी राहते.

मग फुकुशिमाला काय झालं?

११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. ९ चा भूकंप. फुकुशिमा दाइइचीच्या सहापैकी तीन भट्ट्या चालू होत्या, त्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज भूकंपाने तोडली. एक मनोरा तर शेजारचा भराव घसरून आडवा झाला. डिझेल जनरेटर लगेच सुरू झाले, पाणी फिरू लागलं. इथवर पाठ्यपुस्तकातलं उदाहरण शोभावं असा कारभार होता. मग सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली.

पहिल्या चार भट्ट्यांची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर होती, आणि पाणी चढलं १४-१५ मीटरपर्यंत. समुद्राकाठचे पंप गेले. बहुतेक जनरेटर टर्बाइन इमारतींच्या तळघरात होते, ते बुडाले. दोन जनरेटर मात्र उंचावर होते आणि त्यांना थंड ठेवायला समुद्राचं पाणीही लागत नव्हतं, हवेवर भागत होतं. ते धडधाकट राहिले. पण त्यांची वीज पुढे नेणारे स्विचबोर्ड तळघरात होते! जनरेटर शाबूत आणि वीज मात्र कुठेच पोचत नाही, अशी अवस्था. सहाव्या भट्टीचा एकच जनरेटर कामी आला, आणि त्याच एकावर पाचवी आणि सहावी भट्टी वाचली. पहिल्या दोन भट्ट्यांच्या नियंत्रण कक्षात दिवेही नव्हते आणि मापकंही मेली होती. गाभ्यात किती पाणी आहे हे बघायला कर्मचाऱ्यांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून जोडल्या. पहिल्या भट्टीची इमारत हायड्रोजनच्या स्फोटाने १२ तारखेला उडाली, तिसरीची १४ ला. चौथ्या भट्टीत तर इंधनच नव्हतं, ते सगळं तलावात काढून ठेवलेलं होतं. तरी तिसरीचा हायड्रोजन सामायिक नळीवाटे तिच्यात शिरला आणि १५ तारखेला तीही इमारत फुटली.

इथे थांबून एक हिशेब करू. समजा एक जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याची शक्यता शंभरात एक आहे. चार ठेवले तर चारही एकदम दगा देण्याची शक्यता दहा कोटींत एक. वाचून गाढ झोप लागावी. पण हे गणित खरं ठरायला चारही जनरेटर आपापल्या कारणांनी बिघडायला हवेत. ते एकाच तळघरात असतील तर पाण्याच्या दृष्टीने ते चार नसतात, एकच असतो. भूकंप आणि त्सुनामी यांचा स्वभावच असा, की ते सगळ्यांना एकाच वेळी गाठतात: मुख्य यंत्र, त्याचा बदली, बदलीचा बदली, आणि मदत घेऊन येणारा रस्तासुद्धा. सुरक्षेची चर्चा ‘किती पर्याय आहेत’ यावर अडकलेली दिसली, तर ‘ते कुठे कुठे ठेवलेत’ हे विचारावं.

याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षाही जवळ, ओनागावा प्रकल्प होता. तिथे त्सुनामी सुमारे १३ मीटर आली. पण प्रकल्पाची जमीन जवळपास १५ मीटर उंचीवर होती, कारण बांधताना यानोसुके हिराई नावाचे अभियंते उंचीसाठी हट्ट धरून बसले होते. भूकंपाने तिथला किनारा एक मीटरने खचला, तरीही पाणी मुख्य आवारावर चढलं नाही. बाहेरच्या पाच वीजवाहिन्यांपैकी एक शिल्लक राहिली. घरं वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी पुढचे कित्येक दिवस या प्रकल्पाच्याच व्यायामशाळेत आसरा घेतला.

फुकुशिमा दाइइचीची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिथे मुळात सुमारे ३५ मीटर उंच कडा होता. १९६० च्या दशकात तो कापून १० मीटरवर आणला गेला, एक तर पाणी उपसायचा खर्च कमी व्हावा म्हणून, आणि दुसरं, पाया कातळावर बसावा म्हणून. म्हणजे भूकंपासाठी घेतलेली काळजीच त्सुनामीच्या वाटेवर घेऊन गेली. त्या किनाऱ्यावर इ.स. ८६९ मध्ये मोठी त्सुनामी येऊन गेल्याचे वाळूचे थर भूवैज्ञानिकांना सापडलेले होते. २००८ मध्ये हा प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या अंतर्गत हिशेबातही १५.७ मीटरचा आकडा आला होता. आकडा फाइलमध्ये राहिला. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीने २०१२ मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं, ते उगीच नाही.

त्याच कंपनीने एक गोष्ट मात्र वेळेवर केली होती. तिच्याच काशिवाझाकी प्रकल्पात २००७ मध्ये आणीबाणीच्या खोलीचं दारच भूकंपाने अडकलं होतं, म्हणून रबरी आधारांवर तरंगणारी वेगळी इमारत बांधायचं ठरलं. फुकुशिमा दाइइचीत ती २०१० च्या जुलैत वापरात आली, अपघाताच्या आठ महिने आधी. पुढची सगळी लढाई त्याच इमारतीतून लढवली गेली. असे आधार अख्ख्या भट्टीखालीही घालता येतात. फ्रान्समधल्या क्रुआस आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कुबर्ग इथे ते आहेत. आणि दक्षिणेला काही किलोमीटरवरच्या फुकुशिमा दाइनीत, जिथे बाहेरची एक वाहिनी जिवंत होती, तिथे कर्मचाऱ्यांनी सुमारे ९ किलोमीटर जाड केबल हाताने ओढून पंपांना वीज पोचवली आणि चारही भट्ट्या वाचवल्या. दाइइची आणि दाइनीमध्ये फरक होता तो त्या एका वाहिनीचा आणि नियंत्रण कक्षातल्या जळत्या दिव्यांचा.

त्यानंतर जगभर बदल झाले, त्यातले बरेचसे अगदी साधे आहेत. उंचावर, वेगळ्या जागी ठेवलेले फिरते पंप आणि जनरेटर. ते कुठूनही जोडता यावेत म्हणून इमारतीच्या बाहेर काढून ठेवलेली तोंडं. बॅटऱ्या जास्त वेळ टिकाव्यात अशी सोय, विजेशिवाय हायड्रोजनचं पाणी करून टाकणारी उपकरणं. काही नव्या भट्ट्यांमध्ये पाण्याची टाकी डोक्यावरच असते, म्हणजे पहिले तीन दिवस पंपाविना गुरुत्वाकर्षणावर काम चालतं.

पण काही प्रश्नांना अभियांत्रिकीकडे उत्तर नाही. हादऱ्यासाठी इमारत बांधता येते. पायाखालची जमीनच दुभंगून दोन भाग वेगवेगळ्या दिशांना सरकणार असतील तर काहीही बांधून उपयोग नाही. कॅलिफोर्नियात बोडेगा बे इथे भट्टीसाठी खड्डा खणून झाला होता, त्यातच भ्रंशाची रेघ दिसली आणि १९६४ मध्ये तो बेत सोडावा लागला. जपानच्या नियामकांनी २०२४ मध्ये त्सुरुगाच्या दुसऱ्या भट्टीला परवानगी नाकारली, तीही इमारतीखाली सक्रिय भ्रंश असण्याची शक्यता फेटाळता येत नाही म्हणून.

आणि समुद्र वर येतो, तसा तो मागेही जाऊ शकतो. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला. तिथला शिका प्रकल्प २०११ पासून बंदच होता. ट्रान्सफॉर्मरचं तेल गळालं, बाहेरच्या वाहिन्यांपैकी काही गेल्या, त्यापलीकडे मोठं काही झालं नाही. पण द्वीपकल्पातले रस्ते जागोजाग तुटले, आणि हजारोंनी घरं कोसळली. किरणोत्सर्गाच्या वेळी लोकांना एक तर दूर न्यायचं किंवा घरात दारं लावून बसायला सांगायचं असतं. इथे वाट नव्हती आणि अनेकांना घरही उरलं नव्हतं. केंद्र होतं सुझु या शहराच्या हद्दीत, जिथे एकेकाळी अणुवीज प्रकल्प व्हायचा होता आणि स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर तो २००३ मध्ये बासनात गेला. त्या भूकंपात नोतोचा उत्तर किनारा काही ठिकाणी तब्बल चार मीटर वर उचलला गेला. बंदरं कोरडी पडली, समुद्राचा तळ उघडा झाला, आणि पाण्याची कड होती तिथून कितीतरी लांब जाऊन थांबली.